कातडीच्या पेशीचं वय तिच्या केराटिनवरून ओळखता येतं

काजवा (धागाकर्ती)

सोरायसिसच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "वरची कातडी म्हणजे झिजून मेलेल्या पेशींचा कचरा, निघालेलाच बरा." तिथं उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतेय. मी प्रयोगशाळेत माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवते, डॉक्टर नाही. तेव्हा कुठलं मलम लावू ते कृपया विचारू नका.

माझं म्हणणं एवढंच की या पेशी झिजून मरत नाहीत. त्या ठरल्या क्रमाने पिकतात, आणि कुठली पेशी कुठवर पिकली हे तिच्यातलं केराटिन (पेशीला बळकटी देणारं प्रथिन) बघून सांगता येतं.

बाह्यत्वचेच्या अगदी तळाला पेशींची एक रांग असते. नेहमीच्या त्वचेत विभाजन मुख्यतः तिथंच होतं. या पेशींच्या आत केराटिनच्या तंतूंचं जाळं पसरलेलं असतं, एकेक तंतू साधारण १० नॅनोमीटर जाडीचा. केराटिनचा रेणू एकटा तंतू बनवू शकत नाही. एक आम्लधर्मी आणि एक आम्लारिधर्मी, अशी जोडीच लागते. केराटिनचे बरेच प्रकार आहेत, त्यांना क्रमांक दिलेले आहेत. तळाच्या पेशीत ही जोडी असते ५ आणि १४ ची. पेशीने तळ सोडला आणि ती वर सरकली की ५ व १४ ची जनुकं थंडावतात आणि १ व १० ची कामाला लागतात. जुने तंतू लगेच मोडीत निघत नाहीत, नवी जोडी त्याच जाळ्यात भर घालते. आणखी वर गेल्यावर २ क्रमांकाचं केराटिन येतं. केराटिन १० दिसायला लागलेली पेशी सहसा पुन्हा विभागत नाही.

हे कसं कळलं ती गोष्ट मला फार आवडते. हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात माणसाच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवण्याची युक्ती शोधली: खाली उंदराच्या पेशींचा थर घालायचा, पण त्यांचं विभाजन आधीच बंद पाडलेलं. पुढे ग्रीन यांच्याकडे इलेन फुक्स आल्या. १९८० मध्ये दोघांनी दाखवलं की बाह्यत्वचेच्या आतल्या थरांमध्ये छोट्या आकाराची केराटिनं असतात आणि बाहेरच्या थरांमध्ये त्यांच्या जोडीला मोठीही असतात, ६३ ते ६७ किलोडाल्टनची (हे रेणूच्या वजनाचं एकक). आता शंका अशी, की छोट्याचंच काहीतरी होऊन मोठं बनतं का? म्हणून त्यांनी पेशींमधला एम-आरएनए (जनुकाचा संदेश वाहणारा रेणू) काढला आणि पेशीच्या बाहेर, नळीत, त्याच्यापासून प्रथिनं बनवून पाहिली. मोठ्या केराटिनांचे संदेश वेगळे निघाले. म्हणजे पेशी वर सरकताना नवी जनुकं वाचली जातात. अगदी वरच्या मृत थरात मात्र तयार केराटिनांची काटछाट होते, ते काम विकरांचं, म्हणजे एन्झाइमांचं.

त्याच प्रयोगात एक विचित्र गोष्ट होती. बशीत वाढवलेल्या पेशी थरावर थर रचत होत्या, पण मोठी केराटिनं बनवत नव्हत्या. का, ते कुणी विचारलं तर लिहीन.

शेवटचा टप्पा घाईचा असतो. पेशीत फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या पूर्वरूपाचे कण साठतात, ते फुटून फिलाग्रिन केराटिनच्या तंतूंना दाटीवाटीने एकत्र बांधतं, केंद्रक नाहीसं होतं, आणि पेशीच्या पटलाखाली लोरिक्रिन, इन्व्होल्युक्रिन वगैरे प्रथिनांचं कवच तयार होतं. ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर ते कायमचं सांधतात. उरते ती चपटी, मृत, केराटिनने ठासून भरलेली पेशी. हातावर अशा पेशींचे १५–२० थर असतात. जांभ्या चिऱ्याची भिंत डोळ्यासमोर आणा: पेशी हे चिरे आणि मधली चरबी हा चुना. अंगातलं पाणी ही भिंत अडवते. तिला कचरा म्हणणाऱ्याने भाजलेला माणूस पाहावा.

दुरडी

वाचनखूण साठवली. पण माझ्या टाचांचं काय? भेगा पडतात म्हणून दगडाने घासते, तर आणखी जाड होतात. तिथं कुठल्या नंबरचं केराटिन?

काजवा

दुरडीताई, तळहात-तळपायांना १ आणि १० असतंच, वर खास ९ क्रमांकाचं असतं, ते शरीरावर बाकी जवळजवळ कुठंच नाही. गंमत म्हणजे ९ बनवायचं की नाही हे ती पेशी एकटी ठरवत नाही. तळव्याच्या आतल्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी शेजारी ठेवल्या, तर दुसरीकडच्या बाह्यत्वचेच्या पेशीसुद्धा ९ बनवायला लागतात.

घासण्याबद्दल: दाब आणि घर्षण आलं की त्वचा वरचा थर जाड करते. चपलेच्या जागी घट्टे पडतात, कुरूप होतं, ते यानेच. तुम्ही रोज जोर लावून घासलंत तर तिच्या दृष्टीने तेही घर्षणच. पाण्यात भिजवून हलक्या हाताने काढा आणि लगेच काहीतरी तेलकट लावा.

सुपारीबाज

आमच्या सौ. परवा पार्लरमध्ये जाऊन 'केराटिन' करून आल्या. बिल बघून माझ्याच पेशी पिकल्या. हे तेच का?

काजवा

😀 केसांची केराटिनं त्वचेपेक्षा निराळी असतात, ३१ ते ४० आणि ८१ ते ८६ हे क्रमांक केसांचे. त्यांच्यात गंधकाचे बंध भरपूर, म्हणून केस चिवट. पार्लरमधल्या द्रावणात केराटिनचे तुकडे असतात, पण केस सरळ करण्याचं काम बऱ्याच द्रावणांत फॉर्मल्डिहाइड किंवा ते सोडणारी रसायनं आणि इस्त्रीची उष्णता करतात. बाहेरून चोपडलेलं केराटिन जिवंत पेशीच्या जाळ्यात जाऊन बसत नाही, ना केसात ना त्वचेत. 'केराटिनयुक्त' क्रीमवाल्यांनाही हेच लागू. डोळे चुरचुरले असतील तर पुढच्या वेळी खिडक्या उघड्या आहेत का ते बघायला सांगा.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजीत आहे. धागा चांगला आहे, पण तुम्ही सर्वांत मोठा पुरावा लिहिलाच नाहीत. या क्रमांकांवर कुणाचा विश्वास बसत नसेल त्याने आजार बघावेत.

१९९१ मध्ये फुक्स यांच्या गटाने बिघडवलेलं १४ क्रमांकाचं केराटिन उंदरात घातलं. पिल्लांच्या कातडीला जरा घासलं की फोड. सूक्ष्मदर्शकाखाली तळाच्याच पेशी मधून फाटलेल्या. हे चित्र माणसातल्या एका आजाराशी तंतोतंत जुळलं, एपिडर्मोलिसिस बुलोसा सिंप्लेक्स, आणि त्याच वर्षी त्या रुग्णांमध्ये केराटिन १४ च्या जनुकातले दोष सापडले. सहसा आधी रोग असतो आणि मग जनुक शोधतात, इथं उलटं झालं. पाठोपाठ केराटिन ५ मधलेही दोष सापडले.

१९९२ मध्ये १ आणि १० चे दोष मिळाले. तिथं तळाची रांग शाबूत असते आणि वरच्या पेशी फुटतात. बाळ जन्मतः फोड आणि सोललेली कातडी घेऊन येतं, आणि वाढत्या वयात फोड कमी होऊन जाड खवले येतात. ९ चा दोष १९९४ मध्ये मिळाला: फक्त तळहात-तळपाय जाड, बाकी अंग स्वच्छ. २ च्या दोषात अगदी वरवरचा पापुद्रा सुटतो, आजार त्या मानाने सौम्य. ज्या थरात जे केराटिन, त्याच थरात फूट.

आणखी एक. केराटिन १४ मध्ये १२५ व्या जागी आर्जिनिन हे अमिनो आम्ल असतं, १० मध्ये १५६ व्या जागी. दोन्ही प्रथिनं शेजारी मांडली तर ही एकच जागा आहे. आणि गंभीर रुग्णांत पुन्हा पुन्हा तीच बिघडलेली सापडते, कारण दोन रेणूंची गुंफण जिथं सुरू होते त्या टोकाला ती आहे.

शंकेखोर

वाचायला छान वाटतं, पण एक खडा टाकतो. केराटिन १० अजिबात नसलेले उंदीर तयार केलेत, २००१ च्या सुमारास. तुमच्या हिशेबाने त्यांची कातडी सोलवटून निघायला हवी होती. ते व्यवस्थित जगले, फोड नाहीत. तळाचं ५ आणि १४ वरच्या थरांमध्ये टिकून राहिलं आणि काम भागलं. मग '१० हवंच' हे कशावरून? निसर्गात बऱ्याच गोष्टी नुसत्या वहिवाटीने चालतात.

काचपट्टी

उंदरांचं बरोबर आहे. पण त्यांच्या तळाच्या पेशी नेहमीपेक्षा जास्त विभागत होत्या हेही त्याच प्रयोगांत दिसलं, म्हणजे सगळं सुरळीत नव्हतं. माणसात काय होतं तेही माहीत आहे. जनुकाच्या दोन्ही प्रतींमधून केराटिन १० बनतच नाही अशी मुलं आढळली आहेत, २००६ मध्ये तसं प्रसिद्ध झालं. त्यांना तो फोड-खवल्यांचा आजार होतो, आणि चांगला तीव्र होतो. माणसाच्या त्वचेत ५ व १४ ने वेळ निभावत नाही.

शंकेखोर

हे मान्य. पण मग फोड येतात ते १० नसल्यामुळे, का बिघडलेलं १० जाळं तोडतं म्हणून? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

काचपट्टी

दोन्ही होतं, पण बहुतेक रुग्णांत दुसरं. एक प्रत चांगली असूनही आजार होतो, कारण बिघडलेले रेणू चांगल्या रेणूंशी जोडी बांधून तंतूच कमकुवत करतात.

काजवा

शंकेखोर, तुमच्या खड्यावरून एक आठवलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक अतिदुर्मिळ आजार आहे, 'कॉन्फेटी इक्थिओसिस'. जन्मापासून सगळं अंग लाल आणि खवल्यांनी भरलेलं. लहानपणीच त्या लाल कातडीवर बारीक पांढुरके ठिपके उमटायला लागतात. वयाबरोबर वाढत शेकड्यांनी, हजारांनी होतात. ठिपके काढून तपासले तर ती निरोगी त्वचा!

२०१० मध्ये येल विद्यापीठातल्या गटाने याचा उलगडा केला. केराटिन १० च्या जनुकात असा दोष की प्रथिनाची शेपटी पूर्ण बदलते आणि ते तंतूंमध्ये बसण्याऐवजी केंद्रकात जाऊन साचतं. आता तळाची पेशी विभागताना कधीकधी १७ व्या गुणसूत्राच्या (१० चं जनुक त्याच्यावरच असतं) दोन प्रतींमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते, आणि एखाद्या लेक-पेशीच्या वाट्याला दोन्ही चांगल्या प्रती येतात. तिची पुढची सगळी वंशावळ निरोगी, तोच तो ठिपका. प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे घडलेला. इतर आजारांतही असं क्वचित होतं, पण या संख्येने नाही.

शंकेखोरांनी वहिवाटीचा शब्द काढला, म्हणून: एकाच माणसाच्या अंगावर निव्वळ १० दुरुस्त झालं तर त्वचेला केवढा फरक पडतो, ते इथं उघड्या डोळ्यांनी दिसतं.

पळसपान

मी अंगणवाडीत आहे. धाग्यातलं अर्धं डोक्यावरून गेलं, पण एक विचारते. आमच्याकडे मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस देतात, ते डोळ्यांसाठी एवढंच सांगतात. जुन्या नर्सबाई म्हणायच्या, अ कमी पडलं की कातडी बेडकासारखी खरखरीत होते. त्याचा या केराटिनशी संबंध आहे का?

काजवा

ताई, नेमका प्रश्न विचारलात. वर मी एक गोष्ट अर्धवट सोडली होती, तिचं उत्तर यातच आहे.

बशीतल्या पेशी मोठी केराटिनं का बनवत नव्हत्या? पेशींना खाऊ म्हणून गाईच्या वासराचं सीरम (रक्तातला पातळ द्रव) घालतात आणि त्यात अ जीवनसत्त्व असतं. १९८१ मध्ये ग्रीन आणि फुक्स यांनी सीरममधून ते काढून टाकलं, तर त्याच पेशी ६७ किलोडाल्टनचं केराटिन बनवायला लागल्या. परत घातलं की बंद. म्हणजे अ जीवनसत्त्व पेशीच्या या पिकण्याला लगाम घालतं. त्याआधी १९५३ मध्ये ऑनर फेल आणि एडवर्ड मेलनबी यांनी कोंबडीच्या गर्भाची त्वचा भरपूर अ जीवनसत्त्वात ठेवली होती, तर ती खवले बनवायचं सोडून श्लेष्मा बनवायला लागली!

उलट अ कमी पडलं की जिथं ओलं, मऊ अस्तर हवं तिथंही कातडीसारखा कोरडा थर चढतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे बिटॉटचे डाग दिसतात ते हेच. पुढे बुबुळ कोरडं पडून नजर जाते. आपल्याकडे त्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. नवव्या महिन्यात १ लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांपर्यंत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल.

नर्सबाईंची ती खरखरीत कातडी म्हणजे केसांच्या मुळाशी केराटिनचे खुंट साठणं. पण ती निव्वळ अ कमी पडल्याने होते असं नाही, ब गटातली जीवनसत्त्वं आणि आवश्यक चरबी कमी पडल्यानेही होते. म्हणून नुसता डोस देऊन भागत नाही, मुलाचं ताट बघावं लागतं.

पळसपान

ताटाचं म्हणाल तर शेवग्याचा पाला दारात असतो आणि मुलं खात नाहीत. पण आता डोस देताना आयांना नीट सांगता येईल.

घाटवळण

सोरायसिसच्या धाग्यावरून इथं आलो. मला स्वतःला आहे, बरीच वर्षं. यात केराटिनचं काय होतं ते कुणी सांगेल का? उपचार विचारत नाही, ते चालू आहेत.

काचपट्टी

निरोगी त्वचेत तळापासून गळून पडेपर्यंत पेशीला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. सोरायसिसच्या चट्ट्यात हा प्रवास जेमतेम आठवडाभरात उरकतो. काचपट्टीवर मला दिसतं ते असं: फिलाग्रिनचे कण साठतात तो थर जवळजवळ गायब, आणि सर्वांत वरच्या मृत थरात केंद्रकं तशीच शिल्लक. पिकायला वेळच मिळालेला नाही. १ आणि १० कमी पडतं आणि त्यांच्या जागी ६, १६ आणि १७ दिसतात.

ही तीन केराटिनं एरवी जखमेची. कातडी कापली की काही तासांत जखमेच्या कडेच्या पेशी ६, १६, १७ बनवायला लागतात, मग सरकून फट बुजवतात. जखम भरली की ती बंद होतात. सोरायसिसमध्ये जखम नसतानाही प्रतिकारशक्तीच्या पेशी तोच निरोप पाठवत राहतात. बिघाड त्या निरोपात आहे, म्हणून नवी औषधं त्या निरोपाच्या रेणूंवर नेम धरतात. आणि चट्टा खरवडू नका. खरवडणं ही खरी जखम, त्या जागी नवा चट्टा उठू शकतो.

घाटवळण

धन्यवाद. "जखम नसताना जखमेचा निरोप" हे आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं.

सोनकी

थोडं अवांतर: पावसाळ्यात पायाच्या बोटांत चिखल्या होतात आणि गजकर्णही बळावतं. त्या बुरशीला आपली कातडी एवढी का आवडते?

काचपट्टी

अवांतर कसलं, विषयातलंच आहे. गजकर्णाची बुरशी केराटिन खाते. ते पचवणारी विकरं तिच्याकडे आहेत, म्हणून ती वरच्या मृत थरात, केसांत आणि नखांत राहते, सहसा खाली उतरत नाही. पाण्याने तो थर फुगला की तिचं फावतं. दुकानातून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. खाज थांबते, बुरशी पसरते. गेल्या काही वर्षांत भारतभर हट्टी गजकर्णाची साथ चालली आहे, त्यात या मलमांचा मोठा हात आहे.

चामखिळीचा विषाणू याहून चतुर. तो शिरतो तळाच्या पेशीत, पण आपलं कवच मात्र पेशी पिकून वर आली की मगच बनवतो. पेशी गळते तेव्हा तो आयता बाहेर.

सुपारीबाज

माझ्या आयडीला जागून विचारतो. गालाच्या आतल्या कातडीतही हेच सगळं होतं का?

काचपट्टी

बरं झालं विचारलंत. गालाच्या आत ४ आणि १३ ची जोडी असते, तिथं मृत थर बनतच नाही. हिरड्या आणि टाळूचा पुढचा भाग घास चावताना रगडला जातो, तिथं १ आणि १० असतं. तंबाखू-सुपारीने गालात पांढरा चट्टा येतो तेव्हा जिथं नसायला हवं तिथं केराटिनचा थर चढलेला असतो. कर्करोगाकडे वाटचाल झाली तर ४ आणि १३ कमी होत जातात, आणि ८ व १८ दिसू लागतात, जी एरवी आतडं-यकृतासारख्या अवयवांच्या साध्या अस्तरात असतात. खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक' या कर्करोग संशोधन केंद्रामध्ये तोंडाच्या कर्करोगातल्या ८ आणि १८ वर बरंच काम झालंय. आमच्याकडेही गाठ कुठून आली ते कळत नसेल तेव्हा आम्ही केराटिनांचेच रंग लावून बघतो.

पांढरा चट्टा पुसून जात नसेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर इथं टंकत बसू नका, दाखवून या. आयडी बदलला तरी चालेल.

सुपारीबाज

उद्या जातो. आयडीचं बघू.

शंकेखोर

काजवा, शेवटची शंका. आता तुमच्या बशीतल्या पेशी १० बनवतात का, की अजून सीरमचंच रडगाणं?

काजवा

बनवतात, पण आम्ही सांगू तेव्हाच. हल्ली सीरमशिवायचं माध्यम मिळतं. त्यात कॅल्शियम अगदी कमी ठेवलं की पेशी तळासारख्या वागतात आणि विभागत राहतात. कॅल्शियम वाढवलं की एकमेकींना धरून बसतात आणि पिकायला लागतात. पूर्ण त्वचा हवी असेल तर जाळीवर पेशी ठेवून वरून माध्यम काढून घ्यायचं, म्हणजे खालून खाऊ आणि वरून हवा. असं ठेवलं की दोनेक आठवड्यांत १०, फिलाग्रिन, वरचा मृत थर, सगळं क्रमाने येतं. रसायनं त्वचेला झोंबतात का हे प्राण्यांऐवजी अशा थरांवर तपासतात. भाजलेल्या रुग्णांसाठी ग्रीन यांच्या पद्धतीने वाढवलेल्या कातडीचे तुकडे तर १९८० च्या दशकापासूनच वापरात आहेत. अमेरिकेत जवळजवळ सगळं अंग भाजलेली दोन लहान भावंडं त्यावर वाचली, ते १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं.

वैताग एकच. कॅल्शियमचा अंदाज जरा चुकला की पेशी वेळेआधी पिकतात, आणि पिकलेल्या पेशी पुन्हा तळाच्या होत नाहीत. सरळ नव्या बशीपासून सुरुवात.